वळवणचं पाणी आणि दोराबजी

आषाढात लोणावळ्याला येणारी गर्दी भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसते, मक्याची भाजलेली कणसं खाते, चिक्कीचे पुडे बांधून घेते आणि अंधार पडायच्या आत परत फिरते. भुशीचं धरण रेल्वेने बांधलं, आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. त्याच परिसरात भुशीपेक्षा कितीतरी मोठे पाणीसाठे आहेत: वळवण, त्याच्या पलीकडे शिरोता, आणि गावाला लागून असलेलं लोणावळा धरण. तिथं पायऱ्या नाहीत, कणसंवाले नाहीत. गावकरी सहज बोलताना ‘टाटा धरण’ म्हणतात. खंडाळ्याच्या बाजूला ‘डक्ट लाइन’ आहे, घाट उतरून खोपोलीत गेलं की ‘टाटा पॉवर हाउस’. ‘पाटबंधारे’ किंवा ‘पीडब्ल्यूडी’ म्हटलं की जसा कुणी माणूस डोळ्यांपुढे येत नाही, तसंच इथं ‘टाटा’चं झालं आहे.

या नावामागे एक माणूस होता. तो पारशी होता, मुंबईकर होता, दाट मिशांचा आणि धिप्पाड बांध्याचा होता. वडिलांनी अर्धवट सोडलेली तीन कामं त्याने पुरी केली. बायकोवर त्याचा जीव होता, आणि ती गेल्यावर तो वर्षभरही राहिला नाही. सर दोराबजी जमशेटजी टाटा. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मृत्यू ३ जून १९३२.

मराठी वाचकाला दोराबजी भेटतात ते बहुधा तीन गोष्टींमधून. पहिली हिऱ्याची: बायकोला दिलेला मोठा हिरा कारखाना वाचवण्यासाठी गहाण पडला, ही. दुसरी ऑलिम्पिकची: पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी पोरं पाहून त्यांनी पदरचे पैसे घालून भारताचा संघ बेल्जियमला धाडला, ही. तिसरी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्ही सांगण्यासारख्या आहेत. मावळातली, म्हणजे लोणावळ्याच्या या परिसरातल्या धरणांची, चौथी गोष्ट मात्र या तिघींच्या रांगेत सहसा उभी केली जात नाही. ती धरून वाचलं तर पहिल्या तिन्हींचा अर्थही थोडा बदलतो. ही प्रस्तावना त्या चौथ्या गोष्टीसाठी आहे.

दोराबजींच्या आयुष्यातला मोठा काळ दुसऱ्याने पाहिलेल्या स्वप्नांच्या हिशेबात गेला. जमशेटजींचा हा थोरला मुलगा. मुंबईत शाळा, मग इंग्लंड, केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दोन वर्षं. तिथं पुस्तकांइतकंच क्रिकेट आणि फुटबॉल. वडिलांनी परत बोलावल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ साली बी.ए. त्यानंतरची दोनेक वर्षं त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये बातमीदारी केली. पुढे कापसाच्या धंद्यात शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकले. मालकाच्या पोराने आधी शिकाऊ म्हणून राबावं, हा जमशेटजींचा शिरस्ता.

लग्नाची सुरुवातही वडिलांच्याच एका सांगण्यातून झाली. म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेले डॉ. होरमसजी भाभा हे जमशेटजींच्या ओळखीचे. म्हैसूरला जाशील तेव्हा त्यांना भेटून ये, असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्या घरात एक मुलगी होती, मेहेरबाई. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी दोघांचं लग्न झालं तेव्हा नवरा अडतीस वर्षांचा होता आणि बायको अठरा. वीस वर्षांचं अंतर. त्या काळी ते कुणाच्या भुवया उंचावणारं नव्हतं. पुढची तेहेतीस वर्षं मात्र वेगळी गेली. मेहेरबाई नवऱ्याच्या सावलीत बसणाऱ्या नव्हत्या. पारशी साडी नेसून त्या टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. स्त्रियांच्या संघटना त्यांनी उभ्या केल्या. बालविवाहाला आळा घालणाऱ्या, पुढे शारदा कायदा म्हणून ओळखल्या गेलेल्या विधेयकाच्या बाजूने त्या बोलल्या आणि १९२७ साली त्यासाठी अमेरिकेतही व्यासपीठावर उभ्या राहिल्या. त्यांना मूलबाळ झालं नाही. दोराबजींचं घर म्हणजे ती दोघं, धाकटा भाऊ रतनजी, चुलत्या-आत्यांचा मोठा गोतावळा, आणि भिंतीवरचे वडील.

१९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत बाड नाउहाइम इथं वारले. मागे तीन कामं अर्धवट होती: पोलादाचा कारखाना, पाण्यावरची वीज आणि बंगळूरची विज्ञानसंस्था. एकही पुरं झालेलं नव्हतं, आणि तिन्हींना लागणारा पैसा एका घराच्या आवाक्याबाहेरचा होता. चव्वेचाळीस वर्षांच्या दोराबजींनी तिन्ही अंगावर घेतली. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, ‘तडीस नेणं’. कल्पना सुचणं वेगळं आणि ती तडीस नेणं वेगळं. तडीस नेणाऱ्याला सुरुवातीच्या उत्साहाचा आधार नसतो. त्याला परवाने, कर्ज, कंत्राटदार, पाऊस आणि भागधारक यांच्याशी रोज झगडावं लागतं. दोराबजींचं सगळं कर्तृत्व या एका शब्दात बसतं. त्यांच्यावर घेता येणारा आक्षेपही याच शब्दापाशी सुरू होतो.

पोलादाची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, चांदा जिल्ह्यात. लोहाऱ्याच्या डोंगरात लोखंड आहे, हे जमशेटजींनी १८८२ साली एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाच्या अहवालात वाचलं होतं. त्यानंतर वीसेक वर्षांनी दोराबजी, सी. एम. वेल्ड हे अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ आणि शापुरजी सकलातवाला बैलगाड्यांतून त्या जंगलात हिंडले. खनिज होतं, पण ते विखुरलेलं होतं आणि जवळचा कोळसा कामाचा निघाला नाही. चांद्याचा नाद सोडायचा, हे सांगायला दोराबजी नागपूरला कमिशनरकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वाट बघताना वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्याच्या जागी त्यांना लोखंडाची खूण दिसली. ते डोंगर म्हणजे धल्ली-राजहरा. तिथंही तेव्हा कारखाना झाला नाही. प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पत्राने शोध मयूरभंजला पोचला आणि शेवटी साकची गाव मुक्रर झालं, आजचं जमशेदपूर. लंडनच्या बाजाराने पैसा द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा १९०७ साली, स्वदेशीच्या हवेत, भांडवल हिंदुस्थानातच मागायचं ठरलं. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी ते पुरं केलं. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला गोळा बाहेर पडला.

पोलादाची ही कथा पुष्कळदा लिहिली गेली आहे. पाण्याची कमी लिहिली गेली, आणि मावळच्या बाजूने तर फारच कमी.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा बंगालकडून यायचा, महाग पडायचा आणि गिरणगावावर धुराचं छत धरायचा. मुंबईतले एक वास्तुविशारद डेव्हिड गोस्टलिंग यांच्या डोक्यात कल्पना आली: घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो, तो अडवून खाली कोकणात सोडला तर? जमशेटजींनी ती उचलून धरली. तिचं साधेपण कागदावर भुलवणारं आहे. सह्याद्रीची धार लोणावळ्याजवळ अशी आहे की पश्चिमेला कडा तुटतो आणि पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. धारेच्या पूर्वेला पडलेला थेंब इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. हाच थेंब धरणात अडवला, कालव्याने उलटा पश्चिमेकडे खंडाळ्याला आणला आणि तिथून पोलादी नळांतून खाली सोडला, तर तो सुमारे पाचशे मीटर कोसळतो. त्या जोरावर खोपोलीत चाकं फिरतात. काम झाल्यावर पाणी पाताळगंगेत पडून अरबी समुद्राला मिळतं. एक नदी अशी पाठ फिरवून दुसऱ्या समुद्राला जाते, आणि मधल्या उतारावर वीज होते.

अडचण होती ती पावसाच्या वेळापत्रकाची. गिरण्या बारा महिने चालतात, पाऊस चार महिने. म्हणून एका ओढ्यावर भिंत बांधून भागणार नव्हतं. चार महिन्यांचं पाणी वर्षभर पुरेल एवढे तलाव हवे होते. वळवण, लोणावळा आणि शिरोता ही तीन धरणं त्यासाठी आखली गेली. नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. पैसा याही वेळी हिंदुस्थानातूनच, विशेषतः संस्थानिकांकडून आला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या समारंभात दोराबजींनी वडिलांची आठवण काढली. ही योजना वडिलांच्या लेखी नफा वाटण्यापुरती कधीच नव्हती, मुंबईचा उद्योग उभा राहण्यासाठी ती त्यांना हवी होती, अशा आशयाचं ते बोलले. वडिलांना जाऊन तोवर सात वर्षं होत आली होती.

पुढच्या चार वर्षांत मावळच्या डोंगरात जे घडलं त्यात दगड, चुना, बैल, रेल्वेच्या वाघिणी आणि हजारो मजुरांचे हात होते. घाटातून नळ उतरवले गेले. खोपोलीपासून मुंबईपर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर तारा ओढल्या गेल्या. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत पोचली आणि गिरण्यांनी एकामागून एक बॉयलर विझवायला सुरुवात केली. काम इथं थांबलं नाही. आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि त्याचं पाणी भिवपुरीला उतरून १९२२ पासून वीज देऊ लागलं. त्यानंतर पाळी आली मुळशीची.

लोणावळ्याची धरणं बांधताना जमिनी गेल्या नाहीत असं नाही. मावळात सपाट जमीन थोडी, आणि ती असते नदीच्या काठाला. तिथंच भातखाचरं असतात. धरणाचा तलाव नेमका तीच जागा मागतो. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरई घेणाऱ्या माणसासाठी खालचं खाचर म्हणजे घरातलं सोनं. ते पाण्याखाली गेलं की उरतो तो नुसता उतार. पण १९११ साली मावळातल्या कुळाच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. दहा वर्षांनी ते चित्र पालटलं होतं.

त्या दहा वर्षांत दोराबजी पुण्याला ओळखीचे झाले होते, ते वेगळ्याच कारणाने. डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. केंब्रिजच्या मैदानावरचा तो जुना खेळाडू त्यांच्यात शाबूत होता. जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. ना बूट, ना सराव, ना शर्यतीचे नियम ठाऊक; तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला, स्वतःचे पैसे घातले, आणि १९२० साली सहा जणांचा संघ अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेले. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे ते पहिले अध्यक्ष झाले.

मातीत वाढलेल्या पोरांच्या पायांत किती जोर आहे, हे त्या माणसाने पुण्यात पाहिलं होतं. पुढच्याच वर्षी पुण्यापासून काही कोसांवर तसेच पाय त्यांच्या कंपनीच्या वाटेत उभे राहिले.

मुळशीचं खोरं जुन्या हिशेबाने मावळच. निळा आणि मुळा या नद्यांचं पाणी अडवून भिऱ्याला सोडायचं, त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली. धरणाखाली जाणार होती पन्नासहून अधिक गावं. भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. सरकारने ‘सार्वजनिक काम’ म्हटलं की शेतकऱ्याला नुकसानभरपाई मोजून घेण्यापलीकडे काही उरत नसे. १९२१ च्या रामनवमीला शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी पुढे होती. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. ‘यंग इंडिया’तून गांधींनी टाटांना सुचवलं की कायद्याच्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा त्यांनी लोकांशीच बोलावं. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर होत्या आणि हे सावकार पुण्यात राहत. त्यांच्यापैकी अनेकांना भरपाईचा आकडा पटला. कसणाऱ्याला तो पटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या नावावर बहुतेक काही नव्हतंच. १९२४ अखेर बापटांनी रूळ अडवून धरणाच्या कामाची गाडी थांबवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

राजेंद्र व्होरा यांच्या २००९ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. या विषयाकडे वळणाऱ्याने ते आधी वाचावं. दोराबजींवरच्या गौरवलेखनात मुळशी बहुधा एका वाक्यात उरकली जाते. सत्याग्रहावरच्या लेखनात ‘टाटा’ ही एक चेहरा नसलेली कंपनी असते. दोन्ही बाजू एकाच टेबलावर क्वचित ठेवल्या जातात, आणि त्यामुळे दोन्ही अर्ध्या राहतात.

कारण १९२१ ते १९२७ हीच वर्षं दोराबजींच्या घरात आणि कचेरीत सगळ्यात कठीण होती. महायुद्ध संपल्यावर पोलादाचा भाव कोसळला, बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, जमशेदपूरच्या विस्ताराचा खर्च वाढत गेला. १९२४ साली पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता तारण ठेवून इम्पीरियल बँकेकडून एक कोटी रुपयांचं कर्ज उचललं. त्या तारणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि त्यांत ज्युबिली हिरा होता: दोनशे पंचेचाळीस कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत सापडलेल्या या हिऱ्याला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून ते नाव पडलं होतं. दोराबजींनी तो लग्नानंतर दोन-तीन वर्षांत बायकोसाठी घेतला होता. संसारातली सगळ्यात लाडकी वस्तू कारखान्यासाठी पेढीत गेली. मेहेरबाईंच्या संमतीशिवाय ते होणार नव्हतं. कारखाना तगला, कर्ज फिटलं, हिरा परत आला.

हीच गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा गळा दाटतो, आणि ते साहजिक आहे. पण मुळशीशेजारी ठेवून पाहिलं की त्यातून आणखी काही दिसतं. हाती घेतलेलं काम सोडायचं नाही, त्यासाठी लागेल ते द्यायचं, हा त्या माणसाचा पिंड. जमशेदपूरसाठी त्याने स्वतःचं सगळं पणाला लावलं. मुळशीत तोच पिंड कंपनीच्या रूपाने उभा राहिला आणि तिथं पणाला लागलं ते दुसऱ्याचं होतं. हिरा तारण ठेवायचा की नाही, हे मेहेरबाईंना विचारता आलं. खाचर द्यायचं की नाही, हे मुळशीच्या कुळाला कुणी विचारलं नाही. कायदा तशी सोयच ठेवत नव्हता. कुटुंबवत्सल माणूस आणि कंपनीचा प्रमुख यांच्यात अंतर असतं ते स्वभावाचं असतंच असं नाही. कुणाशी बोलावं लागतं आणि कुणाशी न बोलता भागतं, यात ते पुष्कळदा असतं.

दोराबजींना खलपुरुष ठरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तसं करायला ते आयुष्य फार गुंतागुंतीचं आहे. जमशेदपूरच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ पासून होता, तेव्हा तो युरोपातही सर्रास नव्हता. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेसाठी वडिलांनी काढून ठेवलेल्या मालमत्तेवर दोन्ही भावांनी हक्क सांगितला नाही. देण्याचा हात त्यांना वडिलांकडून मिळाला होता. फक्त ज्याला द्यायचं तो आपल्या नजरेसमोर असावा लागतो, आणि लोणावळ्याच्या धरणाखालची माणसं मुंबईच्या कचेरीतून दिसत नव्हती.

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाई वेल्समधल्या रुथिन इथं रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वय एकावन्न. सरे परगण्यातल्या ब्रुकवुड दफनभूमीत, जिथं जमशेटजी आणि रतनजी आधीच विसावले होते, तिथंच त्यांनाही ठेवलं. दोराबजी बहात्तरीला आले होते आणि त्यांची प्रकृती ढासळत होती. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांनी जे केलं त्याला शोक म्हणावं की कामकाज, हे ठरवणं कठीण आहे, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही एकच होतं. ज्या आजाराने बायको गेली त्याच्या संशोधनासाठी त्यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला. तो पैसा एका देशापुरता बांधून न ठेवता जगात कुठेही संशोधन करणाऱ्यांना मिळेल अशी व्यवस्था केली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपली उरलेली बहुतेक सगळी मालमत्ता, शेअर, घरं, जमिनी आणि मेहेरबाईंचे दागिने त्यांनी दुसऱ्या एका विश्वस्त निधीच्या हवाली केले. तोच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. धर्म, जात, भाषा, प्रदेश असलं कोणतंही बंधन त्याला घातलं नाही.

मग ते बायकोच्या पहिल्या वर्षदिनाला तिच्या कबरीपाशी असावं म्हणून बोटीने निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन इथं ३ जून १९३२ रोजी त्यांचं देहावसान झालं. वर्षदिनाला पंधरा दिवस उरले होते. वडील जर्मनीत गेले, मुलगाही जर्मनीत गेला, आणि दोघंही ब्रुकवुडला पोचले. दोराबजी मेहेरबाईंच्या शेजारी आहेत.

ज्युबिली हिरा १९३७ साली विकला गेला. दोराबजींच्या विश्वस्त निधीतून पुढे काय काय उभं राहिलं त्याची यादी मुंबईकराला पाठ आहे: १९३६ साली सुरू झालेली, पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून नावाजलेली संस्था, १९४१ साली उघडलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय, १९४५ ची मूलभूत संशोधन संस्था. या शेवटच्या संस्थेसाठी ट्रस्टला पत्र लिहिणारे होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव. म्हैसूरच्या त्या भेटीतून निघालेला धागा असा अणुविज्ञानापर्यंत गेला.

परळच्या रुग्णालयात आजही मावळातून रुग्ण जातात. पहाटेची लोकल पकडून पुणे, किंवा घाट उतरून थेट मुंबई. फाइल काखेत, डबा पिशवीत. त्यांच्यातल्या कुणाच्या पणज्याचं खाचर धरणाखाली गेलं असेल, तर ते आणि हे रुग्णालय एकाच वहीतल्या दोन नोंदी आहेत. एका नोंदीने दुसरी खोडली जात नाही. दोन्ही वाचायच्या असतात.

पुढे हा विषय लिहू आणि वाचू पाहणाऱ्यांकडे म्हणून एक मागणं आहे. दोराबजींची सुरुवात हिऱ्यापासून करू नका. ती गोष्ट कुठूनही हाती लागते. लोणावळ्याहून सुरुवात करा. वळवणचा तलाव कुंपणाबाहेरून पाहा, खंडाळ्याला नळ कुठून घाटात शिरतात ते पाहा, खोपोलीत उतरून वर त्या उताराकडे नजर टाका. मग पौडकडून मुळशीच्या काठाला जा आणि तिथल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, जुनं गाव कुठे होतं. तो हाताने पाण्याकडे दाखवेल. त्यानंतर नवरा, मुलगा आणि कारखानदार असलेल्या त्या माणसाचं चरित्र उघडा.

खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू आहे. त्याची चाकं अजूनही मावळातल्या चार महिन्यांच्या पावसावरच फिरतात.